तेवीसपर्यंत

पिकांची नासाडी करणारी रानडुकरं मारायची परवानगी हवी असेल तर अर्जात एक रकाना भरावा लागतो. शिवारातील जनावरांची अंदाजे संख्या. आमच्या गावच्या अर्जात तो रकाना मी भरला. तेवीस. अक्षर माझं, खाली सही माझी.

आमचं गाव नळदुर्ग आणि उमरगा यांच्या मधे, हमरस्त्यापासून सात किलोमीटर आत. गावच्या दूध संकलन केंद्रावर गेली अठरा वर्षं मापाचं काम माझ्याकडं आहे. किती लिटर, किती फॅट, ते मी बघतो आणि लिहितो. घराच्या गच्चीवर पावसाचं माप ठेवलंय. रोज सकाळी आठ वाजता किती मिलिमीटर ते वहीत चढवतो, पाऊस नसला तरी शून्य लिहितो. बायको म्हणते, "जेवताना घासबी मोजत असाल तुम्ही." तसं काही नाही, पण गावात एखादी गोष्ट किती आहे असा वाद झाला की लोक माझ्याकडं येतात, हे खरं.

त्या वर्षी माझ्या भुईमुगाच्या बत्तीस ओळींपैकी एकोणीस ओळी डुकरांनी एका रात्रीत उकरल्या. शेंगा खाल्ल्या त्या वेगळ्या, वेल उलटे करून टाकले ते वेगळे. शेजाऱ्याचा मका गेला. पलीकडच्या वस्तीवर एका म्हातारीला डुकरानं धडक दिली, तिचं मनगट मोडलं. ती सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली, घाबरली की कानडीत बोलते. दवाखान्यात नेईपर्यंत "हंदी बंतु, हंदी बंतु" एवढंच म्हणत होती. डुक्कर आलं, डुक्कर आलं. तेव्हा डुकरं मारावीत की नाही हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. मारावीत. आजही मी त्याच्या उलट सांगायला बसलेलो नाही.

अर्ज करायचा तर अंदाज ठोकून द्यायचा नाही, मोजून लिहायचं, असं मी म्हणालो. आणि मोजायला माझ्या चुलत्यांना बोलावलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय पंचाहत्तरच्या पुढं. गावात खळी होती तोवर धान्याची रास मोजायला सगळे त्यांनाच नेत. त्यांच्या मापावर कुणी दुसरं माप लावलेलं मला आठवत नाही.

रास कशी मोजतात ते नव्या लोकांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. पायली भरून पहिल्यांदा ओतताना "एक" म्हणत नाहीत. "लाभ" म्हणतात. मग दोन, तीन, चार. सोळा पायल्या झाल्या की एक मण. तिथं एक खडा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा "लाभ"पासून सुरू करायचं. शेवटी खडे मोजले की हिशेब कळतो. आणि मोजणाऱ्याला मधे टोकायचं नाही. किती झालं म्हणून विचारायचं नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तर आप्पांनी पायली उपडी ठेवून सगळी रास पहिल्यापासून मोजली होती. आप्पा शेळ्या मोजोत, कडब्याच्या पेंढ्या मोजोत, सुरुवात "लाभ"नंच करतात.

डुकरं ओढ्यातल्या वेड्या बाभळींत राहायची आणि दिवस मावळता मावळता आप्पांच्या बांधावरून वर यायची. आप्पा मचाणावर बसले. दोघे बसलो तर वास लागेल, म्हणून मी शंभर पावलांवर विहिरीच्या शेडमधे, वही घेऊन. तिथून बांध दिसत नव्हता. आप्पांच्या खिशातला मोबाइल चालू ठेवला आणि माझा मी कानाला लावला. ते पुटपुटतील, मी लिहीन.

आमच्याकडं रेंज धड नसते. वारा होता. बराच वेळ नुसती खरखर. मग आप्पांचा आवाज आला, अगदी हळू, "लाभ... दोन... तीन..." मी रेघा ओढत गेलो. "आठ... नऊ..." आणि आवाज तुटला. फोन चालू होता, पण आतून काही येत नव्हतं, नुसतं कुणीतरी मोठ्यानं श्वास घेत असल्यासारखं. तो वारा असणार. सात-आठ मिनिटांनी पुन्हा, "लाभ... दोन..." असं करत "सात"पर्यंत. मग आप्पा खोकले आणि म्हणाले, "झालं. धरलंस न्हवं?"

"धरलं," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा "लाभ" ऐकलं म्हणजे मधल्या काळात सोळा पुरे झाले. त्या वेळी मला यात शंका घेण्यासारखं काही वाटलंच नाही. सोळा आणि सात, तेवीस. चावडीवर अर्ज वाचून दाखवला तेव्हा आप्पा समोर बसले होते. तेवीस म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग खाली जमिनीकडं पाहिलं. मला वाटलं, आकडा ऐकून त्यांनाही धसका बसला असेल.

महिन्याभरात आदेश आला. "तेवीसपर्यंत रानडुकरे" मारण्याची परवानगी, अमुक तारखेपर्यंत, परवानाधारक बंदूकवाल्यांकडून, प्रत्येक जनावराचा पंचनामा करून, पुरून टाकण्याच्या अटीवर. पंच म्हणून माझं नाव. दुधाच्या टाकीत हजार लिटरपर्यंत दूध मावतं म्हणजे रोज हजार भरलंच पाहिजे असं नसतं. "पर्यंत"चा अर्थ मी असाच लावत आलो होतो.

बंदूकवाले तिघं आले, शहरातून, स्वतःच्या जीपनं. पैसे घेणार नाहीत म्हणाले. सभ्य माणसं. मोठ्यांना "काका", बायकांना "ताई". त्यांच्यातला थोरला पन्नाशीचा, केस पांढरे, बोलणं मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी जीपमधून घडीच्या तीन खुर्च्या काढल्या, चहाचा थर्मास काढला आणि बांधावर नीट मांडलं. बंदुका मी आधीही पाहिल्या होत्या. त्या खुर्च्यांकडं मात्र मी बराच वेळ बघत राहिलो. पिकाची राखण करायला कुणी खुर्ची घेऊन आलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

"शौक आहे, काका," थोरला म्हणाला. "आता कुठं मिळतं हो हे? कायद्यानं मिळतंय, पुण्यही लागतंय."

तीन आठवड्यांत नऊ डुकरं पडली. प्रत्येक वेळी मला बोलावणं यायचं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून मी लिंग, अंदाजे वजन, गोळी कुठं लागली ते बघायचो आणि सही करायचो. चौथी मादी होती, पोट भरलेलं. जेसीबीवाल्यानं तिला ढकलली तेव्हा ते पोट हललं, म्हणजे धक्क्यानं हललं असेल. तिघांतला धाकटा पंचनाम्याचा कागद मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, "काका, ही एक धरायची का पाच?"

"एक," मी म्हणालो.

"मग आमचा फायदाच," तो म्हणाला आणि हसला. थोरल्यानं त्याला डोळ्यानं दटावलं, पण हसू त्याच्याही ओठांत होतं. मी सही केली.

नववं पडलं त्या संध्याकाळी थोरला हात पुसत म्हणाला, "चला, चौदा बाकी." त्याच्या आवाजात समाधान होतं. अजून चौदा आहेत याचं समाधान.

त्यानंतर काही पडेना. मी रोज पहाटे केंद्रावर जाताना ओढा ओलांडतो. तिथं पाण्याच्या कडेला वाळूचा पट्टा आहे, त्यावर रात्रीचं सगळं उमटतं. डुकराचा खूर, कुत्र्याचा पंजा, मोराची बोटं. नववं डुक्कर पडल्यावर पहिल्या दिवशी खुरांची खूण नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी वहीत लिहीत गेलो. शून्य, शून्य, शून्य. बारा दिवस शून्य. चौदा जनावरं पाणी न पिता कशी राहतील?

गावात मात्र ती रोज दिसत होती. दूध घालायला येणारी माणसं रांगेत उभी राहून सांगायची.

"काल म्या बघितली. ज्वारीतनं सरळ रेघंत गेली."

"किती होती?"

"तेरा-चौदा. म्होरं एक सुळंवाला, लई थोर. वळून बघितलं त्यानं माझ्याकडं."

"आवाज केला का?"

"न्हाय. तेच तर. आवाजच न्हाय."

सांगितलेल्या जागी मी दुपारी जाऊन बघायचो. ज्वारी उभी. माती कोरडी, पापुद्रा न मोडलेला. एके ठिकाणी ताटं आडवी होती, ती वाऱ्यानं, सगळी एकाच बाजूला. परत येऊन मी सांगितलं की तिथं पाऊलसुद्धा नाही, तर तो माणूस माझ्यावरच चिडला. "म्हंजी म्या खोटं बोलतो? तुम्हीच न्हाय का तेवीस लिवल्याली? तेवीसातनं नऊ गेलं तर किती ऱ्हायलं?"

चौदा. वजाबाकी बरोबर होती.

त्या दिवसांत मला शिवारात चालताना पाठीमागं बघायची सवय लागली. मी भित्रा नाही. पण ज्वारी डोक्याएवढी वाढलेली असते, आत अंधार असतो, आणि संध्याकाळी वारा पडल्यावर ती आपोआप उभी राहिल्यासारखी दिसते. आत काही नाही हे मला माहीत होतं. तरी एकदा मी ताटं बाजूला करून आत बघितलं. नुसत्या ओळी. शेवटपर्यंत ओळी.

मग दहावं पडलं.

सकाळी सहाच्या सुमाराला निरोप आला. मी गेलो तर खड्डा आधीच खणलेला आणि जनावर आत टाकून वर पोतं झाकलेलं. चार पाय बाहेर. गावातला एक शेतकरी बाजूला उभा होता, तोंड फिरवून.

"पोतं काढा," मी म्हणालो.

"राहू द्या हो, काका. डोक्यात लागलीय, बघवत नाही," थोरला म्हणाला.

"काढा."

पोतं काढलं. रेडकू होतं. म्हशीचं, सात-आठ महिन्यांचं, काळं कुळकुळीत. दावं गळ्यातच होतं, तुटलेलं.

"अंधुक होतं," धाकटा म्हणाला. "ज्वारीच्या कडेला हललं. आम्हाला चौदा माहीत आहेत, मग काय वाटणार?"

रेडकू त्या तोंड फिरवलेल्या शेतकऱ्याचं. त्यांनी त्याला दुसरं रेडकू आणून द्यायचं कबूल केलं होतं, जास्त चांगल्या जातीचं. तोच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "करा सही दादा. उगी बोभाटा नगं. त्यांची बंदूक जाईल, माजं रेडकू जाईल, कुणाचं भलं?"

कागदावर लिहिलेलं होतं, रानडुक्कर, नर, एक. खाली जागा सोडलेली. मी सही केली. अठरा वर्षांत फॅटच्या आकड्यात पॉइंट एकचा फरक केलेला नाही मी, आणि त्या सकाळी उभ्या उभ्या, दुसऱ्याच्या पेनानं, रेडकाला डुक्कर म्हणून सही केली. कारण एवढंच की चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला घरी जायचं होतं.

हे त्या तिघांना, जेसीबीवाल्याला, रेडकाच्या मालकाला आणि मला माहीत. बाकी कुणाला नाही. पण त्या दिवसापासून दूध केंद्राच्या रांगेत कुणी चौदा म्हणेना. "दिसली काल. तेरा व्हती." दुसरा, वेगळ्या वस्तीवरचा, "तेरा मोजली म्या." मी वहीचं मागचं पान काढून तारखा लावून बघितल्या. आधी तेरा-चौदा, चौदा, चौदा. नंतर तेरा. पंचनाम्याचा आकडा चावडीच्या फळ्यावर लागतो, लोक तो वाचतात, यात काही गूढ नाही, असं मी स्वतःला समजावलं. रेडकू जे नव्हतं त्यातून वजा झालं होतं, आणि जे नव्हतं ते एकानं कमी होऊन शिवारात हिंडत होतं.

त्याच आठवड्यात काकू, म्हणजे आप्पांची मंडळी, दूध घेऊन आल्या. किटली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या आप्पास्नी सांगा जरा. डोळ्याचं आप्रेशन तोंडावर आलंय, आन् रोज सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन बसत्यात. थंडी किती! घोंगडं घेत्यात आन् बसत्यात."

"कशाला?"

"सांगत न्हाईत. इचारलं की वसकत्यात."

मला त्यातलं घोंगडं तेवढं ऐकू आलं. आप्पांचं घोंगडं काळं आहे. अंधुक उजेडात ज्वारीच्या कडेला काळं काही हललं की काय होतं, ते मी खड्ड्यात पाहून आलो होतो. आणि अशा जागी अशा वेळी आप्पा रोज दोनदा जाऊन बसत होते.

त्या संध्याकाळी मी आधी बंदूकवाल्यांकडं गेलो. शिवारात काही उरलेलं नाही, तुम्ही थांबा, एवढं सांगायचं म्हणून. जीप माझ्या शेजाऱ्याच्या वावरात होती. दिवस बुडाला होता, उजेड थोडा शिल्लक होता. थोरला खुर्चीवर, बंदूक टेकणीवर, गाल दस्त्याला लावलेला. माझी चाहूल लागताच त्यानं न वळता डावा हात वर केला. गप्प.

मी वाकून त्याच्या मागं गेलो.

"एकटा नर आहे," तो पुटपुटला. "दहा मिनिटं झाली. हललेला नाही."

मी त्याच्या नळीच्या रोखानं पाहिलं. दीडशे पावलांवर बांधाच्या वर, ज्वारीला पाठ लावून, तो बसला होता. मला स्पष्ट दिसला. उंच खांदा, पाठीवरचे राठ केस, खाली झुकलेलं तोंड. मी दोन-तीन आठवडे सगळ्यांना सांगत होतो की काही नाही, आणि मला तो दिसला, आणि माझ्या मनात आलं ते हे, की आहेत तर. तेरांतला एक. मला हायसं वाटलं, हेही लिहायला पाहिजे. माझा आकडा खरा निघाला याचं हायसं.

मग ते रानडुक्कर खोकलं.

तो खोकला मी जन्मापासून ऐकत आलोय. मी "आप्पा" असं ओरडलो की नुसताच ओरडलो ते आठवत नाही. हातानं नळी वर ढकलली. गोळी सुटली नाही. थोरल्यानं बोट आधीच काढलं होतं, असं तो पुढं दोनदा म्हणाला. बांधावरचा काळा ढीग उभा राहिला, त्याला दोन पाय आले.

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला होता. थर्मासचं झाकण लावता येईना त्याला. जरा वेळानं म्हणाला, "काका, पण काळं घोंगडं पांघरून असं कोण बसतं?"

"शेतमालक," मी म्हणालो.

आप्पांना घेऊन घराकडं निघालो. मग मी विचारलं, "रोज काय करता तिथं?"

"मोजतुय."

"काय?"

"उरल्याली." ते थांबून धापा टाकत म्हणाले. "तू तेवीस लिवलंस. मला नऊच दिसली व्हती. म्हनलं, डोळं गेलं आपलं. चौदा जनावर समोरनं गेलं आन् दिसलं न्हाय, म्हंजी काय ऱ्हायलं मानसाचं? म्हनलं, बसून बघू."

"नऊ?"

"नऊ भाईर आली. सात माघारी गेली. येताना मोजली, जाताना मोजली. दोन्ही सांगितलं की तुला फोनात."

मी रस्त्यातच उभा राहिलो. त्यांना सगळं सांगितलं. आवाज कसा तुटला, दुसरं "लाभ" कसं ऐकलं, मधे सोळा कसे धरले. अंधारात त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"सोळा धरलंस," ते म्हणाले. "आन् इचारलं न्हाईस."

"मोजताना विचारत नाहीत, आप्पा."

"मोजताना. मोजून झाल्यावर काय तोंड शिवलं व्हतं तुजं?"

"तुम्हीपण बोलला नाहीत. चावडीवर वाचलं तेव्हा समोर होता की."

"तू लिवल्यालं," ते म्हणाले. "कागदावर. म्या कोण त्याच्याम्होरं?"

त्यांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला होता आणि मी त्यांच्या. त्या दोन विश्वासांमधे चौदा डुकरं जन्माला आली होती.

घर दिसायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "त्याच्या मागं उभा व्हतास तू. तुला काय दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. "डुक्कर," मी म्हणालो.

आप्पांनी अंगावरचं घोंगडं काढलं, घडी केली आणि काखेत धरलं. थंडी होती तरी. "मग उद्या जाऊन लिहून ये," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तालुक्याला गेलो. वन खात्याच्या कार्यालयात अर्ज लिहून दिला. मोजणाऱ्यानं नऊ सांगितली होती, लिहिणाऱ्यानं तेवीस लिहिली, लिहिणारा मी. नऊच्या नऊ मेलेली आहेत. आदेश बंद करावा. खाली दुसरा परिच्छेद, दहावा पंचनामा रानडुकराचा नसून रेडकाचा आहे, हे माहीत असून मी सही केली.

टेबलामागच्या माणसानं दोनदा वाचलं. बरा माणूस होता. चष्मा काढून म्हणाला, "वरचं ठीक आहे. चूक होते. खालचं कशाला लिहिता? खोटा पंचनामा म्हणजे तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या."

"तिघांची बंदूक जाईल. गावात तुम्हाला कोण उभं करील?"

"माहीत आहे."

"घरी बायको-पोरं?"

"आहेत," मी म्हणालो. "पोच द्या."

त्यानं शिक्का मारला. साहेबांशी बोलून तासाभरात आदेश थांबवल्याचा कागद काढला, थोरल्याला फोन लावून माझ्यासमोर सांगितलं. आप्पांच्या बांधासमोर आता कुणी खुर्ची टाकणार नव्हतं. माझ्या पंचनाम्याचं काय व्हायचं ते पुढं होईल. नोटीस आली आहे, दोन तारखा झाल्या. रेडकाचा मालक दूध आता दुसऱ्या गावच्या केंद्रावर घालतो.

त्या दिवशी परत येताना नळदुर्गला गाडी बदलायची होती. स्टँडवर बाकावर बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण बरं वाटत होतं. शेजारी एक शेतकरी येऊन बसला, फेट्याचा, मांडीवर कागदाची गुंडाळी. कुठले, काय, असं बोलणं निघालं. मी गावाचं नाव सांगितलं तसा तो एकदम माझ्याकडं वळला.

"तुमच्या गावची डुकरं आमच्याकडं आली की हो."

त्याचं गाव आमच्यापासून पंधरा किलोमीटर. मधे हमरस्ता, दिवसरात्र ट्रक चालू.

"कधी?" मी विचारलं.

"चार दिस झालं. रोज दिसत्यात. एका रेघंत चालत्यात, आवाज न्हाय काय न्हाय. म्होरं एक सुळंवाला." त्यानं गुंडाळी उलगडली. परवानगीचा कोरा अर्ज होता, नुसता एक रकाना भरलेला. "म्हनलं, तुमच्यावानी आपनबी बंदूकवालं आणावं. तेच लिहून द्यायला निघालोय."

मी रकाना बघितला. तेरा.

त्याची तालुक्याची गाडी लागली. तो उठला, फेटा सारखा केला. माझी गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती, कंडक्टर उमरगा, उमरगा ओरडत होता. मी माझी पिशवी उचलली आणि त्या माणसाच्या मागोमाग त्याच्याच गाडीत चढलो. त्याच्या शेजारची जागा धरली.

"तुम्ही हिकडं कुठं?" तो म्हणाला.

"ही मोजली कुणी?" मी विचारलं.